पुढचं चाक का थरथरत होतं

मु. पो. सोनगीर, जि. धुळे
गुरुवार, १२ डिसेंबर १९९१

प्रिय सुगंधा,

सगळ्यात आधी आली ती शेजारची बेबाबाई. जीप तिच्यानंतर. साहेब लोक सोमवारी येणार म्हणून माझ्या हिलालने, तुझ्या नानाने, आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, अंगण दोनदा सारवून घेतलं, कांद्याच्या चाळीतून शेळी बाहेर काढली, आणि एवढं करून ऐन वेळी तो स्वतः बसला होता न्हाणीघरात. बेबाबाई एका पायात चप्पल घालून धावत आली आणि दारातूनच ओरडली, "धुरपदाबाई, हायवेवर गाडी उभी शे, दोन पॅन्टवाला हिलालनं घर इचारी ऱ्हायनात!" मी म्हटलं, मग तू सांगितलंस का? तर म्हणते, नाही, मी आधी तुला सांगायला आले. म्हणजे साहेब तिकडे हायवेवर उभे आणि ही इकडे. शेवटी नानाचा विमानातला जोडीदार हबीबच त्यांना घेऊन आला. तो धुळ्याहून आपल्या लुनावर येत होता, वाटेत भेटले. पुढे लुना, मागे जीप, आणि जीपच्या मागे आपल्या गल्लीतली होती नव्हती ती सगळी पोरं.

साहेब दोन होते. थोरले बुटके, जाड चष्म्याचे, चहात साखर नको म्हणाले. तुझ्या आईने तरी घातली आणि त्यांनी तो मुकाट्याने प्यायला, तेव्हाच मला ते बरे वाटले. धाकटे उंच, हातात सारखी वही. दोघेही मुंबईच्या विमानखात्याचे. थोरल्यांचं मराठी हिंदी मिसळलेलं होतं, पण कळत होतं. चाळीत शिरले आणि पहिल्यांदा नाक वर करून म्हणाले, इथं कांदा होता काय? मी म्हटलं, साहेब, सहा वर्षांपूर्वी होता, वास राहिला. तसे हसले. मग नानाने सहा वर्षं खपून घरीच बांधलेल्या आपल्या विमानाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, हात मागे बांधून, बैल बघायला आल्यासारखे. पंखाखाली वाकले, शेपूट हलवून पाहिली, एकेक खिळा बोटाने चाचपला. हिलालकडे बघवत नव्हतं. वीस वर्षं एअरफोर्समध्ये दुसऱ्यांची विमानं नीट केलेला माणूस, पण स्वतःच्या विमानापाशी असा उभा होता जसा तू दहावीच्या निकालाच्या दिवशी उभी होतीस.

तुझी आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण वेचणी चालू आहे म्हणून शेतात जाते, ऐकत नाही. भागाबाईची टोळी लावली आहे. कापूस यंदा चांगला फुटला, वरच्या तुकड्यात मात्र अळी पडली. म्हैस व्याली, पारडी झाली. शिरपूरकडचं तुझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, मुलाची आई विचारत होती की मुलगी लेथवर काम करते म्हणजे नक्की काय करते. मी म्हटलं, लोखंड सोलते. त्यानंतर त्यांचा निरोप आला नाही. तू तिकडे बोदवडला मामाच्या घरी नीट जेवतेस का? जिनिंगच्या वर्कशॉपात कापसाचा धुरळा फार असतो म्हणे, नाकाला फडकं बांधत जा.

हे सगळं मी लिहिते आहे खरी, पण तुला यातलं काय वाचावंसं वाटत असेल ते मला कळतं. दिवाळीच्या चार दिवस आधी नानाने, सख्ख्या बापाने, तुला हबीबसमोर आणि अर्ध्या गल्लीसमोर जे म्हटलं ते मी विसरले नाही. पुढच्या चाकाचा ॲक्सल तू केलास, त्यासाठी तीन दिवस लेथपाशी उभी राहिलीस, आणि दसऱ्यानंतर चाक थरथरायला लागलं तर त्याचा बोल तुझ्यावर. "हाई पोरीनं काम शे, वाकडंच व्हई" असं तो म्हणाला. तू हात पुसलेस, मायक्रोमीटर डबीत ठेवलास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेलीस. दीड महिना झाला. तू गेल्यावर त्याने धुळ्याहून दुसरा ॲक्सल करून आणला, बसवला, आणि चाक तसंच थरथरलं. तरी तोंडाने कबूल करेल तर तो हिलाल कसला? म्हणाला, आधीच्या वाकड्या ॲक्सलने काटा बिघडवला. काटा म्हणजे ते चाक धरणारं दोन पायांचं. तुला माहीतच आहे, मी आपली मला समजावं म्हणून लिहिते.

तर सोमवारी साहेब म्हणाले, चालवून दाखवा. विमान ढकलत मुरुमाच्या पट्टीवर नेलं. हबीबने पंखा फिरवला, नाना आत बसला. सायकलच्या वेगाने गेलं तोवर ठीक. स्टँडमधून एसटी निघते तेवढा वेग आला आणि पुढचं चाक डाव्या-उजव्या बाजूला असं फडफडायला लागलं, जशी मी तांदूळ चाळते. सगळं विमान शहारलं. दाराची कडी आपोआप निघाली. कुंपणापाशी उभ्या बेबाबाईने मोठ्याने विचारलं, "हिलालनी कोंबडी कव्हय उडी माय?" लोक हसले. थोरले साहेब हसले नाहीत. धाकट्यांना म्हणाले, लिहा, आणि हिलालला म्हणाले, बंद करा, आपण आता बसून शोधू.

मला वाटलं होतं साहेब लोक नापास म्हणून निघून जातील. पण ते थोरले खाली मुरुमावर बसले, पॅन्टीसकट. आधी टायर बघितला, कुठे फुगीर आहे का. हवा मोजली, थोडी कमी केली. परत पळवलं, परत थरथरलं, जरासं कमी. मग हबीबने पुढचा भाग जॅकवर उचलला आणि साहेबांनी चाक हाताने फिरवून सोडलं, थांबलं की जमिनीकडच्या बाजूला गेरूची रेघ मारली, परत फिरवलं. रेघ दर वेळी खाली यायला लागली म्हणजे चाक एकीकडे जड. हबीबने समोरच्या बाजूला शिशाचा तुकडा बांधला. परत पळवलं. तरी थरथर. मग साहेबांनी बॅगेतून एक घड्याळासारखं यंत्र काढलं, ॲक्सल फिरवायचा आणि सुई हलते का बघायची, हलली तर ॲक्सल वाकडा. धुळ्याचा ॲक्सल ठीक निघाला. मग त्यांनी विचारलं, आधीचा आहे का? हिलाल म्हणाला, तो टाकून दिला. तेवढ्यात तुझी आई घरात गेली आणि हळदीच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळलेला तुझा ॲक्सल घेऊन आली. मलाही माहीत नव्हतं तिने तो ठेवलाय. साहेबांनी तो फिरवला. सुई हलली नाही. दुसऱ्यांदा फिरवला, चष्मा वर करून बघितलं. म्हणाले, हे काम फार छान आहे, कुणी केलं? हिलाल म्हणाला, घरात केलं. नाव नाही घेतलं. मी आत चूल बघायला गेले, मला उगाच भांडी आपटावीशी वाटली.

तर चाक गोल, हवा ठीक, ॲक्सल सरळ. मग साहेबांनी विचारलं, काटा वळायला किती जोर लागतो ते मोजलं आहे का? हिलाल म्हणाला, दसऱ्याच्या आधी मीच आवळला, दहा किलोवर. साहेब म्हणाले, आज मोजू, वजनकाटा आणा. आता आपल्याकडे काटा कुठला, तर कापूस मोजायचा लटकता. तो शेतात भागाबाईकडे. मीच गेले आणायला. भागाबाई सोडेना, म्हणे वेचलेलं मोजायचं राहिलंय, विमानाचं वजन इतक्याशा काट्यावर होतंय होय? मी म्हटलं, अगं पूर्ण विमानाचं नाही, फक्त त्याच्या हट्टाचं. साहेबांनी चाकाच्या मध्याला दोरी बांधली, दोरी वजनकाट्याच्या आकड्याला, आणि आडवं ओढायला लागले. सांगितलं, सुई दहावर गेली की मग चाक वळायला हवं, त्याच्या आधी नाही. सुई दीडवर गेली आणि चाक असं वळलं जसा वारा लागून पडदा वळतो. साहेब म्हणाले, बैलगाडीचं चाक जितकं मोकळं तितकं चांगलं. पण हे मोकळं नको. वळताना जरा अडलं पाहिजे. अडलं नाही तर पळताना फडफडणारच.

मग त्यांनी वरचा मोठा नट खोलला. आत एकावर एक पितळी चकत्या असतात, त्याच एकमेकींवर घासून चाकाला अडवतात. चकती काढली तर ती अशी चमकत होती जशी पाटावरच्या देवाची मूर्ती. साहेबांनी बोट लावलं, वास घेतला. म्हणाले, एरंडेल. याला तेल कुणी घातलं?

सुगंधा, तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागे दोन हातांवर उभी होते. हिलालने माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाला, "मदतीला मुलगी होती, तिनेच घातलं असेल. तिला सांगितलं होतं सांध्याला हात लावू नको. आता ती इथं नसते." धाकट्या साहेबांनी ते वहीत लिहिलं आणि हिलालची सही घ्यायची म्हणून मराठीत वाचून दाखवलं. दोष, पुढच्या चाकाच्या सांध्यात तेल. कारण, मदतनीस मुलीचा निष्काळजीपणा. उपाय, मदतनीस काढली. नानाने सही केली. मी चहाचे कप सगळ्यांना दिले आणि आत आले.

तेल मी घातलं होतं.

खंडेनवमीला. तुला आठवत असेल, त्या दिवशी मी सगळ्या अवजारांची पूजा मांडली, विळे, कोयते, नांगराचा फाळ, तुझ्या आईचं शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप, तुझा तो लेथ. माझ्या सासूने मला शिकवलं की हळदकुंकू नुसतं बाहेरून, पण जिथे काही फिरतं तिथे तेलाची धार सोडायची, तरच पूजा त्याच्या अंगी लागते. मी हे पन्नास वर्षं करत आले. मग विमानाला कसं वगळू? ते तर सगळ्यात मोठं अवजार. सगळे जेवायला बसले होते. मी चाळीत गेले, कुंकू लावलं, शेपटीच्या बिजागऱ्यांना थेंब थेंब दिला, आणि पुढच्या चाकाला हात लावला तर ते वळेना. जोर लावला तर किरकिरत वळलं. मला दयाच आली बघ. म्हटलं एवढी मेहनत केली पोरांनी आणि सांध्यात थेंबभर तेल नाही. वरच्या टोपणात चांगलं पळीभर एरंडेल ओतलं, दहा वेळा इकडून तिकडे फिरवलं, आणि ते लोण्यासारखं वळायला लागलं तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू. मी परत आले आणि पुरणपोळ्या दोन जास्त खाल्ल्या. चाक थरथरायला लागलं ते दसऱ्यानंतर, आणि तुझा ॲक्सल बसला तोही त्याच आठवड्यात, म्हणून सगळे तुझ्याकडेच बघत राहिले. माझ्या मनात नाही आलं. खरंच सांगते, सोमवारपर्यंत नाही आलं. तेलाने कुणाचं वाईट होतं हेच मला कुठे माहीत.

पण सोमवारी आलं, आणि तरी मी गप्प राहिले, ते माझं चुकलं. वाटलं की साहेब काय म्हणतील, आणि खोटं कशाला बोलू, असंही वाटलं की आता हे लोक मला विमानाला हात लावू देणार नाहीत. म्हातारपणी मला दुसरं काय आहे. तुझा आजोबा असता तर त्याने मला सगळ्यांसमोर ओढून पुढे केलं असतं.

साहेबांनी चकत्या पेट्रोलने धुवायला लावल्या, कोरड्या पुसल्या, नट परत आवळला, दोरी ओढली. सुई दहावर गेली आणि मग चाक वळलं. तुझाच ॲक्सल परत बसवला, साहेबांनी सांगितलं म्हणून. मग विमान पळवलं. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एसटीच्या वेगाने, मग त्याहून जास्त. पुढचं चाक असं गेलं जसं रेघेवरून चालतंय. हबीबने टोपी काढून हवेत फेकली आणि ती बाभळीत अडकली, अजून तिथेच आहे. थोरले साहेब म्हणाले, वीस वेळा पळवा, दर वेळी वजनकाट्याने मोजा, लिहून ठेवा. दहाचं दहाच राहिलं तर आम्ही येऊन बघू आणि धुळ्याच्या पट्टीवरून उडवायचा कागद देऊ. नाही राहिलं तर नाही. हिलालने आजवर तेरा वेळा पळवलं. दहाच भरतात.

मंगळवारी सकाळी मी त्याला सांगितलं. तो भाकरी खात होता, हबीबही होता. हबीब तर हसत सुटला, "अम्मा, तुमने तो हवाई जहाज की मालिश कर डाली!" हिलाल हसला नाही. घास ताटात ठेवला. मग म्हणाला, आई, सुगंधाचा ॲक्सल बरोबर होता हे मला धुळ्याचा बसवला तेव्हाच कळलं होतं. मी म्हटलं, मग साहेबांना तिचं नाव का सांगितलंस? म्हणाला, तोंडातून गेलं. मग मी म्हटलं, आता साहेब येतील तेव्हा वहीतलं खोडून घे, मी सांगेन त्यांना. तर माझ्यावर चिडला. म्हणे, कागद मिळेपर्यंत गप्प राहा. मदतनीस काढून टाकली असं लिहिलंय तर विषय संपला. घरातली म्हातारी केव्हाही येऊन विमानात तेल ओतते असं कळलं तर ते विमान चाळीत ठेवूच देणार नाहीत, सहा वर्षं पाण्यात जातील. मी म्हटलं, चाळीला कुलूप लाव, किल्ली तुझ्या जानव्याला बांध. तो उठून गेला. तुझी आई ताट उचलताना एवढंच म्हणाली, काढून टाकली म्हणे, माझी लेक काय नटबोल्ट आहे?

त्याचंही अगदीच खोटं नाही, पोरी. साहेब खरंच रागावतील, आणखी सहा महिने फिरवतील, कदाचित नाहीच म्हणतील. ते विमान उडावं असं मला हिलालच्या खालोखाल वाटतं, त्यात बसायचं वचन मी त्याच्याकडून घेतलं आहे. पण ते वहीत तसंच राहिलं तर उद्या कोणीही उघडेल आणि वाचेल की या घरातल्या मुलीच्या हाताला भरवसा नाही. तू पुढे कुठे काम मागशील, कुठलं यंत्र करशील, ते लिहिलेलं तुझ्या मागे येईल. तुला बोल चारचौघांत लागला, आणि मी आत चुलीपाशी सांगून तो निघणार नाही. म्हणून मी ठरवलं आहे की साहेब आले की चहाच्या आधी मीच पुढे होईन आणि सगळ्यांसमोर सांगेन, बेबाबाईसमोर तर नक्कीच, म्हणजे संध्याकाळपर्यंत पूर्ण सोनगीरला कळेल. वहीत काय ते नवीन लिहायला लावेन. आणि ते लिहिलं जाताना तू तिथे उभी असावीस, तुझा ॲक्सल कुणी केला असं थोरल्या साहेबांनी परत विचारलं तर उत्तर तू द्यावंस, एवढ्यासाठी हे पत्र. तू आलीस म्हणजे नानाशी लगेच बोल असं मी म्हणत नाही. विमान त्यामुळे आणखी वर्षभर जमिनीवर राहिलं तर राहील, लोक त्याला कोंबडी म्हणतातच. तुला पत्र लिहिते आहे हे हिलालला मी सांगितलं. पाकिटावर बोदवडचा पिनकोड मला येत नव्हता तो त्याने लिहिला आणि पेन माझ्यासमोर ठेवून गेला. मामाला विचारून दोन दिवसांची रजा घे, आदल्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने ये, तुझी आई स्टँडवर येईल.

तुझीच,
धुरपदा आजी

साहेब लोक परत येणार ते सोमवारी, २३ डिसेंबरला, सकाळी दहा वाजता.